परत यायची तारीख

अण्णा,

परवापासून माझ्या हातांना लागलेला थिनरचा वास जात नाहीये. साबण झाला, लिंबू झालं, काल बेसन लावून हात घासले. तरी भाकरीचा घास तोंडाजवळ आला की आधी तो वास येतो आणि शिसारी येऊन मी ताट सरकवते. आई समोर बसून बघते. तुमच्या हातांना जन्मभर हाच वास होता. त्याच हातांनी तुम्ही नांदेडच्या आपल्या स्वयंपाकघरात जेवायचात, नखांत अडकलेल्या विटकरी रंगासकट भाकरी दुधात कुस्करायचात. मला त्याची किळस यायची. मी कधी बोलले नाही, पण माझं ताट हातभर लांब घेऊन बसायचे आणि ते तुम्हाला दिसत असणार.

तुम्ही रेल्वेत पेंटर, डब्यांवर अक्षरं लिहिणारे. घरी आल्यावर माणूस कामाला विटलेला असायला हवा, पण तुम्ही चहा पिऊन पुन्हा डबेच रंगवायला बसायचात, पत्र्याचे, वीतभर लांबीचे, खेळण्यातले. मुंबईच्या एका दुकानाचा कॅटलॉग टपालाने यायचा. तुम्ही त्यात तांबड्या पेन्सिलीने खूण करायचात, दुकानाला पत्र टाकायचात आणि मग महिनाभर पोस्टमनच्या सायकलीकडे डोळे. इंजिन कधी मागवलं नाहीत, नेहमी प्रवासी डबाच. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "इंजिन काय, पुढं पळतंय. माणसं डब्यात बसतेत." पार्सल सुटलं की त्यावरचा सुबक परदेशी छापील रंग झाकून तुम्ही आपल्या गाड्यांचा विटकरी रंग द्यायचात. आणि टोकाच्या पत्र्यावर, खऱ्या डब्यावर असते तशी, मुंगीएवढ्या आकड्यांत एक तारीख. खऱ्या डब्याने त्या तारखेपर्यंत दुरुस्तीसाठी कारखान्यात परत यायचं असतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. खेळण्याला कसली आलीय दुरुस्ती, असं मी मनात म्हणायचे.

मी अकरावीला लातूरला आले तेव्हा पहिला डबा झाला आणि दीड वर्षात पाच. पाचव्यावर तारखेच्या जागी रंगाचा नुसता गोळा होता, खोडून लिहिलेलं, परत खोडून परत लिहिलेलं. त्यानंतर तुम्ही एकही डबा मागवला नाहीत. मला वाटलं, नजर कमी झाली असेल.

तुम्ही गेल्यावर हा रोग मला लागला. मी इथे लातुरातच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि पगार झाला की कॅटलॉग चाळते. आता कॅटलॉग फोनवरही येतात, पण मी छापील मागवते आणि तांबड्या पेन्सिलीनेच खूण करते. कपाटात चाळीसेक डबे आहेत. तुमचे पाच सगळ्यांत खालच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून, कारण संग्राहक मंडळी घरी आली की मला त्यांची लाज वाटायची. या मंडळींचं सोवळं तुम्ही पाहिलं नाहीत, ते बरंच झालं. डब्याला मूळ रंग असेल तरच तो पवित्र, कोणी ब्रश लावला की बाटला. पुण्याच्या एका गृहस्थांनी जुन्या पत्र्याच्या डब्यांचा मोठा कॅटलॉग छापायला घेतला. मी पाठवलेल्या फोटोंत तुमच्या डब्यांच्या तळाच्या पट्ट्या पाहून त्यांनी ओळखलं की ते दुर्मीळ आहेत, आणि फोनवर म्हणाले, "मॅडम, रंगवलेला माल आम्ही छापत नाही." माल म्हणाले. मी त्यांना झापायला हवं होतं. मी विचारलं, पुसला तर छापाल का?

आणि मी पुसला. वरचा रंग निघावा आणि खालचा छापील शाबूत राहावा, एवढं नेमकं द्रावण करायची अक्कल मला आहे. त्या अकलेसाठीच तर तुम्ही मला लातूरला धाडलं होतं. कापसाच्या बोळ्याने आधी तो पाचव्या डब्यावरचा गोळा काढला, कारण तोच मला सगळ्यांत जास्त खुपत होता. बोळा विटकरी व्हायचा, टाकायचा, दुसरा घ्यायचा. दोन दिवसांत पाचही डबे हिरवे-पिवळे, चकचकीत, कुणाचेच नसल्यासारखे झाले.

गेल्या आठवड्यात कॅटलॉग आला. आपलं अख्खं पान आहे त्यात. मी ते आईपुढे धरलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तारीख कुठं गेली गं?" मी म्हटलं, काढली, ती नंतरची होती. ती म्हणाली, "तुझी व्हती ती. तू लातूरला गेलीस की तुझे अण्णा नवा डबा रंगवायचे अन् तू सुट्टीला कवा येणार ती तारीख घालायचे. तुझ्या बारावीच्या दिवाळीला तुझी कार्डं यायली, जादा क्लास हाय, आठ दिवसानं येते. कार्ड आलं की खोडायचे. तीनदा खोडली. चौथ्यांदा ब्रश हातात घेतला अन् ठिवून दिला."

इतकं बोलून ती भाजी निवडायला बसली. मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? म्हणाली, त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, लेकरू अभ्यास करायलंय.

मला स्वतःची इतकी घाण वाटली की मी ते पान मिटलं ते अजून उघडलेलं नाही. परवा विटकरी रंग आणला. पुसण्याआधी फोटो काढून ठेवले होते, त्यात चार तारखा वाचता येतात. पाचव्याच्या फोटोत गोळाच आहे. मी एका डब्यावर तारीख लिहायला बसले. आकडे बोटाएवढे झाले, ओघळले. थिनरने पुसले, पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. माझ्या हाताला तुमच्यातलं काहीच आलेलं नाही, हा वास सोडून. आता रंगाच्या डबीवर झाकण ठोकून बसवलंय.

हे पत्र टाकायला पेटी नाही. त्या कॅटलॉगात ठेवून देईन, आणि कॅटलॉग खालच्या कप्प्यात. आईला वाचून दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही. त्या दिवाळीच्या आधीच्या सुट्टीनंतर मी नांदेडहून वसतिगृहावर परतले तेव्हा खोलीतल्या मुलीने माझी पिशवी हुंगून विचारलं होतं, तुमच्यात रॉकेलचं दुकान आहे का? सगळ्या हसल्या. दिवाळीत त्या आपापल्या घरी गेल्या. जादा क्लास नव्हता, अण्णा. मी रिकाम्या खोलीत एकटी बसून ती तीन कार्डं लिहिली.