दातांनी उचललेली ऐरण

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमच्या गल्लीच्या मंडळाची पत्रिका मिळाली. आजोबा म्हणे ‘ऐंशी किलोंची ऐरण दातांनी उचलणारे महाबली लोहार’! अरे, ते सफरचंदसुद्धा किसून खायचे. गल्लीतला तो शिंपी तर म्हणे साक्षीदार. तेव्हा तो जन्मला तरी होता का?

हसून झालं आणि खालची ओळ वाचली. नातू तीच ऐरण हातांनी उचलून दाखवणार. म्हणजे तू. पाण्याची बादलीही उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेला, कमरेला पट्टा बांधून जिना उतरणारा तू!

आता लाज गिळून सांगते. ती गोष्ट मी रचली. चौथीत ‘माझे आजोबा’ या निबंधाचं पान भरेना म्हणून. वर्गात उभी राहून वाचलीही. अडतीस वर्षं गप्प आहे. मग मंडळाला हसायचा मला काय अधिकार, असं काल रोजनिशीत लिहिलं. तू मात्र ऐरणीला हात लावू नकोस.

वहिनींना नमस्कार. रागाव हवं तर, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

११ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, मला उठून बसता येत नाही.

तू रचलंस हे तेव्हाच माहीत होतं. तुझ्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून विचारलं, तर मी तिथेच होतो म्हणून ठोकून दिलं. पुढे तुझ्याकडे पदवी आली, माझ्याकडे ऐरणच राहिली. गल्लीत तेवढ्यावरच मान होता, तो सोडवेना.

कार्यक्रमात सगळ्यांसमोर वाकलो. ऐरण तसूभर हलली नाही, कंबर हलली. वाटलं, झालं, पितळ उघडं पडलं. तर शिंपी खुर्चीवर चढून ओरडला की बघा, नातवाला हातांनी हलत नाही ती आजोबांनी दातांनी उचलली! टाळ्या थांबेनात. मला चौघांनी उचलून घरी आणलं.

आता मंडळवाले गल्लीत आजोबांच्या नावाचा फलक लावणार आहेत, त्याशेजारी लावायला तुझा निबंध मागताहेत. ही म्हणते, दोघं भावंडं एकाच माळेचे मणी.

अशीच ओरडत राहा, बरं वाटतं.

तुझा दादा

१५ जून

ती. दादास,
सा. न.

शनिवारी येते. तोवर कुशीवरही वळू नकोस.

निबंधाची वही सापडली. खाली बाईंचा लाल शेरा आहे: ‘आजोबांना विचारून पुन्हा लिहून आण.’ मी विचारलं नव्हतं. ते नाही म्हणाले असते.

लावायचाच असेल तर शेऱ्यासकट लावा म्हणावं. शिंपी म्हणेल, पराक्रमच असा की बाईंचासुद्धा विश्वास बसला नाही!

जीव लावतोस तसा जपही.

धाकटी