पार्किंगचं प्यादं

मी, जया दादाजी धकाते, वय ५३, राहणार मनीषनगर, नागपूर, बुद्धिबळाची शिकवणी घेते. वरच्या मजल्यावर राहणारे माझे थोरले बंधू नानाजी यांची कार कित्येक वर्षं माझ्या पार्किंगमध्ये सावलीत उभी असते आणि माझी स्कुटी उन्हात. मे महिन्यात त्या सीटवर रोज बसूनही माझं डोकं ठिकाणावर आहे, याची नोंद घ्यावी. येत्या गुरुवारी धंतोलीत माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते.

१. माझ्या कमाईचा फ्लॅट नानाजीची मुलगी चिन्मयी हिला. शिकवणी तिनं चालवावी आणि स्वतः खेळावं. बापानं तिचा पट माळ्यावर टाकलाय. "खेळून पोट भरते का वं?" असं विचारतो. ती माझ्याकडे येऊन खेळते. हा फ्लॅट विकला गेला, तर तिला पट मांडायला जागा उरणार नाही.

२. नानाजी कोर्टात जाईल. म्हणून पार्किंग त्याला. मात्र फ्लॅटवर दावा करणार नाही, असं आधी लिहून द्यावं. न दिल्यास पार्किंगही चिन्मयीचं.

आमच्या खेळात याला गँबिट म्हणतात. सुरुवातीलाच एक प्यादं समोरच्याच्या तोंडाशी ठेवायचं. तो ते खाण्यात गुंतला की आपली मोहरी मोकळी होतात. नानाजीनं लहानपणापासून असं एकही प्यादं सोडलं नाही. "फुकट भेटून राहिलं त काहून सोडू?" आणि हरला की, "तुनं मले फसवलं." वकीलबाई म्हणाल्या, डाव असा उघड लिहू नका. मी म्हटलं, गँबिटमध्ये लपवायचं काही नसतंच. प्यादं दोघांनाही दिसतं.

३. रीनावहिनीनं नेलेला कुकर तिच्याकडेच राहू द्यावा. शिट्टी माझ्या फडताळात आहे. मी ती मुद्दामच दिली नव्हती. आता न्यावी.

४. आमच्या घरच्या पहिल्या पटात एक पांढरं प्यादं कमी होतं. नानाजीनं आपल्या शाळेच्या शर्टाचं बटण तोडून माझ्यासमोर ठेवलं. "हे घे वं, खेळ आता." त्या शर्टापायी आईचा मार त्यानं खाल्ला, माझं नाव घेतलं नाही. ते बटण सोबतच्या पाकिटात आहे. नानाजीला परत द्यावं. याला अट नाही.

सही: जया दादाजी धकाते

आमच्यासमोर सही केली:
कवडू निनावे, शेजारी
रुचिका पराते, शिकवणीतल्या मुलाची आई

नागपूर, मंगळवार, १३ मे २०२५