सोडणाऱ्याचा हात

शनिवार, ९ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

आईची इस्त्रीची फळी पलंगाला तिरपी लावून आपण दोघी तिच्यावरून गोट्या सोडायचो, आठवतं? दारावर ठण्ण आवाज झाला की आई आतून ओरडायची, "पुरे गं बायांनो!" आणि तू कुजबुजायचीस, "ताई, शेवटचं एकदाच." असं पंधरा वेळा.

तू बरी असशील. मीही मजेत आहे. अक्षर बारीक आलंय, पेन नवीन आहे. सात महिन्यांनी लिहितेय, तेव्हा आधी मनसोक्त रागावून घे आणि मग वाच. कधी एकदा तुला सांगते असं झालंय!

नववीच्या मुलींकडून मी दरवर्षी रोलर कोस्टर करून घेते, हे तुला ठाऊक आहेच. पाइपांवर चढवतात ती फोमची नळी उभी चिरली की गोटी धावायला झकास पन्हळ होते. आधी कागदावर आराखडा, मग बांधणी, मग पडझड, मग पुन्हा आराखडा. गोटीनं उतारावरून येऊन उभ्या वर्तुळात पुरता फेरा मारायचा आणि वाडग्यात पडायचं. वर्तुळ वीस सेंटिमीटर व्यासाचं, तर सुरुवात निदान सत्तावीसवरून हवी. घर्षण आपला वाटा खातं, म्हणून आणखी थोडी वर. माझा नियम एकच: परीक्षेच्या दिवशी गोटी सोडणार फक्त मी. कुणी हळूच ढकलायला नको, सगळ्या गटांना एकच हात.

यंदा एका गटानं इतकं देखणं काम केलं होतं म्हणून सांगू! पस्तीस सेंटिमीटर उंची, सांधे गुळगुळीत. तरी गोटी कधी फेरा पुरा करायची, कधी वर्तुळाच्या माथ्यावरून बदकन खाली. "वर्तुळ वाकडं असणार," मी म्हटलं. पोरींनी तीनदा सोडवून बांधलं. तिसऱ्यांदा एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या गटात एक आहे, वर्ग तिला शंकासुर म्हणतो. ती उभी राहिली.

"मिस, वर्तुळ तेच, उंची तीच, गोटी तीच. मग असं कसं?"

"मोजून सांग."

तीस वर्षं हेच म्हणत आलेय गं मी.

तिनं मोजलं. माझ्या हातून वीस वेळा. मग पन्हळीत पट्टी आडवी धरून तिचं फाटक केलं: पट्टी उचलली की गोटी आपोआप सुटणार, कुणाचा धक्का नाही. एक गेली, दोन गेल्या, दहाव्यानंतर मुली बाकांवर चढल्या. विसापैकी वीस! मोठ्या बाई धावत आल्या, "कोण पडलं? कोण पडलं?" तर पोरी म्हणतात, "बाई, पडतच नाहीये!"

माझ्या हातून विसापैकी अकरा.

शंकासुराच्या वहीत दोन्ही आकडे नीट लिहिलेले होते. खाली 'फरकाचं कारण', आणि पुढे कोरं.

"हे का सोडलंस?"

ती पट्टीशी चाळा करत राहिली. "तुम्ही सांगाल तेव्हा लिहीन, मिस."

तिला कळलं होतं. तुलाही कळलं होतं, सात महिन्यांपूर्वी, जेवणाच्या टेबलावर. "ताई, तुझा हात थरथरतोय, दाखवून घे," एवढंच म्हणालीस, आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, "नर्स आहेस, डॉक्टर नाहीस." त्या वाक्याची मला रोज लाज वाटते. आणि पेन जुनंच आहे. माझं अक्षरच बारीक होत चाललंय.

मी शंकासुराची वही घेतली आणि स्वतःच लिहिलं: सोडणाऱ्याचा हात. मग वर्गाला सांगितलं, "वर्तुळ वाकडं नव्हतं. चूक माझी." मग मागून कुणीतरी, "मिस, मग आमचे मार्क?" मी इतकी हसले की बसावं लागलं. दिले, पैकीच्या पैकी! धाकटे, माझ्या वर्गात इतका चोख प्रयोग आजवर कुणी केला नव्हता. आनंद झाला, खरंच झाला. रडले ते घरी येऊन.

गुरुवारी दहाला तपासणी आहे. मेंदूच्या डॉक्टरांकडे. येशील?

आता नीट वाच. गोट्यांचा डबा शंकासुराला द्यायचा, फाटकाच्या पट्टीसकट. स्टॉपवॉच त्या रडलेल्या मुलीला. माझ्या पाठांच्या टाचणवह्या प्रयोगशाळेच्या नव्या बाईंना. त्यांना सांग, यापुढे गोटी मुलींनीच सोडायची. हे सगळं मी स्वतःच देईन, पण सांगून ठेवलेलं बरं. आणि दवाखान्याच्या अर्जावर 'जवळचं माणूस' म्हणून तुझं नाव लिहिलंय. रिपोर्ट तुझ्याच हाती देतील. आधी तू वाच. मग मला सांग, जसंच्या तसं, काही न गाळता.

उशिरा का होईना, तुझं ऐकणारी,
ताई