विस्तवावरून न गेलेली गोळी

आत्याबाई, तुम्हाला पत्र म्हणजे गंमतच आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, आणि तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं होत आली. तरी मी सांगतेय आणि माझी सून लिहितेय. नात म्हणाली होती मी लिहिते, पण तिचं मराठी दुकानाच्या पाटीपुरतं. सुनेचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. मला काय, मला सगळ्यांचं सारखंच. तुम्ही माझ्या नवऱ्याची आई. मी तुम्हाला कधी नुसतं ‘आई’ म्हटलं नाही, तुम्हीही कधी तशी वेळ आणली नाहीत. तेव्हा आत्याबाईच राहू द्या.

तुमच्या लेकानं जाताना मला जो आजार दिला तो मी अजून नीट सांभाळलाय. तुम्हाला त्याचं नाव उच्चारता यायचं नाही, तुम्ही नुसतं ‘ते’ म्हणायचात आणि पदर नाकाला लावायचात. आता त्याला एचआयव्ही म्हणतात, रोज गोळी घ्यायची, रक्तात तो सापडतसुद्धा नाही. आमच्यातले पुष्कळ जण म्हातारे झाले, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं. आता आम्हालाही सभ्य माणसांसारखं हार्टनं मरता येतं. डॉक्टर म्हणतात, या आजाराच्या माणसांचं हृदय वयाच्या आधी थकतं, तेव्हा बीपीची गोळी जरा लवकर सुरू केली तर ते वाचतं का, ते आम्हाला बघायचंय. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसतीच, दिसायला अगदी तशीच. कुणाला कुठली ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. मी म्हटलं, ‘अहो, माझं लग्नही असंच होतं. दिसायला अगदी खऱ्यासारखं.’ ते हसले नाहीत. त्यांना फॉर्म भरायचा होता. घरात कुणाला बीपी, लकवा होता का, विचारलं. म्हटलं, सासूबाई लकव्यानं गेल्या. तर म्हणाले, ‘आजी, रक्ताच्या नात्यातलं सांगा.’ म्हटलं, ‘त्या घरातून रक्तात जे यायचं ते आलंय, म्हणूनच इथं बसलेय.’ पण तुमचं नाव काही त्यांनी कागदावर घेतलं नाही. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेल्या तुम्ही, डॉक्टरच्या लेखी माझ्या कुणीच नाहीत.

अंगठा देणाऱ्या माणसाला तिथं एक नियम आहे. ज्याला वाचता येतं असं, दवाखान्याबाहेरचं माणूस बरोबर आणायचं, त्यानं सगळे कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे, मग अंगठा. माझा मुलगा गावाला गेलेला. त्याला सगळं लहानपणापासून माहीत आहे, पण बायकोला सांगायची हिंमत त्याला झाली नाही. मलाही नाही. माझ्या गोळ्या थायरॉइडच्या म्हणून खपत होत्या. शेवटी सुनेला म्हटलं, दवाखान्यात सोबत चल, आणि धायरीहून रिक्षानं तिला घेऊन गेले, काही न सांगता. चांगल्या माणसाला फसवून न्यावं तसं. ती वाचायला बसली. तिसऱ्या पानावर तो शब्द आला तेव्हा तिचा आवाज जरासा खाली गेला, जिना उतरताना एक पायरी चुकावी तसा. मग पुन्हा वर आला आणि तिनं उरलेली पानं शेवटपर्यंत वाचली. वाचून झाल्यावर डॉक्टरांना एकच विचारलं, ‘गोळी जेवणाआधी का नंतर?’

घरी आल्यावर मी वाट बघत बसले. माझा कप वेगळा कधी होतो याची. मला त्याचा अनुभव आहे, तुमच्याच हाताखाली शिकलेली मी. दोन दिवस काहीच होईना, तेव्हा मीच तिची परीक्षा घेतली. ती चहा पीत होती, मी तिच्या हातातला कप घेऊन अर्धा प्यायले आणि परत दिला. तिनं उरलेला पिऊन टाकला आणि म्हणाली, ‘आई, स्वतःच्या कपात साखर कमी पडली असेल तर सांगायचं. असं लुटायचं नाही.’ मला राग आला, आत्याबाई. खरंच राग आला. एवढं सोपं होतं तर तुम्हाला का जमलं नाही?

तुम्ही मला आयुष्यात एकच भांडं विकत आणून दिलंत. कसब्यातल्या आपल्या त्या दोन खोल्या, लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा तुमचा लेक जाऊन महिना झालेला, आणि त्याच आठवड्यात माझा रिपोर्ट आलेला. तुम्ही बाजारातून नवी कोरी स्टीलची ताटली आणलीत. सगळी भांडी नाव घालून आणायची आपल्याकडे रीत. हिच्यावर नावाच्या जागी फुली घालून आणली होतीत, कारण नाव घातलं असतं तरी ते दोघींनाही वाचता आलं नसतं. ताटली माझ्या पुढ्यात सरकवलीत आणि म्हणालात, ‘माझा लेक खाल्लास, आता यात खा.’ ती मोरीपाशी वेगळी ठेवायची, वेगळी घासायची. मात्र माझ्या हातची भाकरी तुम्हाला चालायची, आमटी चालायची. शेजारणीनं विचारलं तेव्हा तुम्ही तिला समजावून सांगितलंत, ‘भाकरी विस्तवावरून येते गं. विस्तवावर सगळं जळतं.’ मी भाकरी थापत ऐकत होते. तुमचं डोकं फार चालायचं. स्वयंपाक, भांडी, मेसमधल्या पोळ्या लाटून मी आणलेले पैसे, सगळं काही ना काही करून विस्तवावरून यायचं.

फक्त तुमची बीपीची गोळी विस्तवावरून जायची नाही. आधी ती मीच काढून तुमच्या तळहातावर ठेवायचे. तुमची बोटं संधिवातानं वाकडी, त्यांना तो चंदेरी कागद फुटायचा नाही. रिपोर्टनंतर तुम्ही म्हणालात, ‘तुझ्या हातची गोळी नको.’ मी गोळ्यांची पट्टी फळीवर ठेवून दिली. मग रोज सकाळी तुम्ही ती दातानं फोडायला बघायचात, उलथन्याच्या टोकानं टोचायचात, गोळी निम्मी चुरून खाली पडायची, निम्मी तोंडात जायची. मी तुमच्या समोर बसून बघायचे. मला ते बघायला आवडायचं, हे आज पहिल्यांदा सांगतेय. सून थांबलीय. लिही गं.

या नव्या औषधाच्या बाटलीचं झाकण दाबून फिरवायचं आहे. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून तसं केलंय म्हणे, आणि मग ते म्हाताऱ्यांच्या हातात दिलंय. माझी बोटं आता तुमच्यासारखीच झालीत. तेव्हा सून रोज सकाळी कणकेचे हात धुते, झाकण उघडते आणि गोळी माझ्या तळहातावर ठेवते. ती खरी आहे का नुसतीच, कुणास ठाऊक, पण ती ठेवताना तिचं बोट माझ्या हाताला लागतं आणि ती काही ते मागे घेत नाही. चार महिने झाले. परवा गोळी देताना तिनं सहज विचारलं, ‘आई, तुमच्या सासूबाई कशा गेल्या?’ मी नेहमीचंच सांगितलं. फार हट्टी होत्या, माझ्या हातून गोळी घ्यायच्या नाहीत, त्यातच गेल्या. सगळ्यांना मी हेच सांगत आलेय, मुलालासुद्धा. सून म्हणाली, ‘तुम्ही किती सोसलंत.’ आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तो हात मला सहन झाला नाही. दोन रात्री मी जागी होते. तुमची दया आली म्हणून नव्हे, तेवढी मी चांगली नाही. पण ही मुलगी माझ्याशी जशी वागते तशी ती एका सोसलेल्या बाईशी वागते आहे, आणि ती बाई मी नाही. हे कळल्यावर उद्या सकाळी ती बाटली उघडेल का, ते मला माहीत नाही. नाही उघडली तर तिला बोलायचा मला हक्क नाही. म्हणून म्हटलं, बस, वही घे, माझ्या सासूला पत्र लिहायचंय.

खरं असं आहे की शेवटी तुम्ही मागितली होतीत. त्या दिवशी सकाळी तुमचं डोकं जड झालं होतं, डोळे लाल होते. दोन दिवस गोळी पोटात गेली नव्हती, हे मला माहीत होतं, कारण दोन्ही दिवसांचा चुरा मीच झाडला होता. मी मेथी निवडत होते, कुकर चढवलेला होता. तुम्ही भिंतीला धरत आलात, समोर बसलात आणि पट्टी माझ्यापुढे धरून म्हणालात, ‘काढून दे.’ आवाजात तोरा नव्हता. आणि मी म्हटलं, ‘अहो आत्याबाई, माझा हात लागेल ना. विस्तवावरून काढून देऊ का?’ आणि मेथी निवडत राहिले. गोळी काढली नाही.

पुढं तिसऱ्या दिवशी तुम्ही मोरीपाशी पडलात, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. त्यानंतर आठ दिवस माझ्याच हातानं पेज प्यालात. तोंड फिरवायची सोयच राहिली नव्हती. त्या आठ दिवसांत मी तुम्हाला फार चांगलं सांभाळलं, सगळी गल्ली म्हणत होती. या डॉक्टरांना मी विचारलं, कुणाच्या ओळीनं काही दिवस गोळ्या चुकल्या तर असं होतं का? ते म्हणाले, ‘एका माणसाचं कधी सांगता येत नाही, आजी. त्यासाठीच तर इतक्या जणांना घ्यावं लागतं.’

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, हे सुनेला कळतं. तिनं सगळं लिहिलं, माझ्याकडे न बघता. मग पेन ठेवलं आणि विचारलं, ‘त्यांनी किती वेळ पट्टी पुढे धरली होती, आई?’ मी म्हटलं, आता कुठं आठवतंय. ती उठून आत गेली. भांडी लावल्याचा आवाज येत होता. बराच वेळ आला. मग बाहेर येऊन पुन्हा वही घेऊन बसली आणि म्हणाली, ‘सांगा.’

कुकरच्या तीन शिट्ट्या, आत्याबाई. पहिली झाली तेव्हा तुम्ही पट्टीच्या हाताला दुसऱ्या हाताचा टेकू दिलात. तिसरी झाल्यावर मी उठून गॅस बंद केला, तोवर हात तसाच पुढे होता.