सहा महिन्यांत जाईल, सर

प्रिय रामेश्वर,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडला, पण पत्र असंच सुरू करतात म्हणून लिहिलं. फोनच करणार होतो. पण राग आला की फोनवर माझ्या तोंडून शिव्याच निघतात, आणि शिवी ऐकली की तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवून देतोस. म्हणून शहागंजातून कागद घेतले. टँकर भरायला लावलाय, तोवर त्याच्याच बॉनेटवर लिहितोय. अक्षर समजून घे.

व्हय, सध्या टँकरवर आहे. मोबाईलच्या दुकानातलं सुटलं, वेरूळला फोटो काढायचं सुटलं, हे सगळं तुला पाठ असेलच. दिवाळीत तूच चारचौघांत म्हणालास ना, रामहरीसारख्या धरसोड माणसाला कंपनी दारात उभं करत नाही म्हणून. नको करू दे. टँकरमालक सांडूभाऊंनी केलं. त्यांची मुलाखत कशी झाली ऐक. पडेगावची एक गल्ली दाखवली नि म्हणाले, गाडी उलटी आत घे. घेतली. एका बाईच्या तुळशीला नुसता वारा लागला, ती बाई मात्र माझ्या सात पिढ्या उद्धरून आत गेली. सांडूभाऊ हसले, म्हणाले, उद्यापासून ये. कुठल्या गावचा, किती शिकला, किती दिवस टिकशील, काही नाही. यंदा टँकरला एवढी मागणी आहे की, एका सोसायटीत तर दोन बायका पाईपावरून... जाऊ दे, ते वेगळंच. मी तुझ्यावर चिडलोय, ते लिहायला बसलोय.

दिवाळीत तू गावी आलास तेव्हा सरपंचांनी शाळेच्या ओट्यावर तुझं भाषण ठेवलं होतं. नोकरी कशी मिळवावी. बूट घालून आलेलास, नि ते सतरंजीवरही काढले नव्हतेस. तू म्हणालास, मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. म्हणालास, मार्क कमी असले तर कंपनी शिकवून घेते, पण खोटं बोलणारा माणूस तिला चालत नाही. आमच्या आबांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. बहिणीचा पोरगा एवढा मोठा साहेब झाला, याचंच त्यांना कौतुक. आणि खांबाला टेकून योगिनी ऐकत होती. तुझा शब्द न् शब्द तिनं खरा धरला. मी तर जांभया देत होतो, म्हणून वाचलो.

तुला माहीत आहे, चैत्रात आबांनी मेंढरं विकली. पाणी नाही, चारा नाही. हिवाळ्यात आम्ही करमाडच्या अंगाला ज्या माळावर मेंढरांचा वाडा बसवायचो, तिथं आता प्लॉटिंगचे रंगवलेले दगड आहेत. मेंढरू पुढं गेलं की वॉचमन शिट्टी मारतो. आबा सध्या त्याच दगडांच्या कामावर रोजानं जातात. मेंढरांमागं चालणारा माणूस एका जागी उभा राहून पाट्या उचलतो, बघवत नाही. योगिनीची नोकरी झाली की त्यांना घरी बसवायचं, हे आम्हा बहीणभावांचं ठरलं होतं. तिनं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, ते काय भिंतीवर फोटो लावायला नाही. तूच म्हणालास, आमच्याकडं वाळूजला वायरिंगच्या लाइनवर मुली घेतात, अर्ज कर. तिनं केला.

मुलाखतीहून आली, त्या दिवसापासून आमच्या रांजणगावच्या खोलीत भांडी आपटत होती. विचारलं तर म्हणायची, काही नाही, जागा भरल्या. तूही तोच निरोप धाडलास. मग एक दिवस भाकरी थापता थापता तिनं सगळं सांगितलं, तेही तव्याकडं बघून.

तुमचे साहेब होते, सुपरवायझर ऋतुराज होता, आणि तू. तू विचारलंस, लग्नाचं काय. ती म्हणाली, ठरल्यासारखं आहे. तू कागदात बघत विचारलंस, नोकरीला सासरच्यांची हरकत नाही ना. आणि आमची येडी, तू शिकवलंस तसं सरळ तुझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, “तेच विचारतेय. आहे का?”

साहेब हसले. त्यांना वाटलं, पोरगी गडबडली. ते सासर कुठलं, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. तू मान वर केली नाहीस. म्हणालास, “बाहेर थांबा.” आयुष्यात पहिल्यांदा तू तिला अहो-जाहो केलंस, रामेश्वर. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा तू. गेली दोन वर्षं तिच्याशी फोनवर तासन्‌तास बोलणारा तू. मला कळत नव्हतं वाटतं?

तरी मी मनाला समजावलं. कंपनीचा नियम असेल, बिचारा नोकर माणूस काय करणार. मग ऋतुराजच्या सोसायटीत पाणी घेऊन गेलो, तेव्हा त्यानं उरलेलं सांगितलं. त्यानं तिला वायरी जोडायला दिल्या होत्या, हात चांगला होता. साहेब घ्यायला तयार होते. नियम-बियम काही नव्हता. तूच म्हणालास, “सहा महिन्यांत जाईल, सर. मला माहीत आहे.”

साहेबांनी मान डोलावली म्हणे. तुझा अनुभव दांडगा ना. अरे, तुला माहीत नसेल तर कुणाला असेल? तिला लग्न करून घेऊन जाणारा तूच होतास. तिला विचारलं नाहीस, तुझ्या आईला विचारलं नाहीस, एकट्यानं बसून तिची नोकरी सोडवून टाकलीस, तीही लागायच्या आधी. लाज वाटली का तुला, बायको लाइनवर उभी दिसेल म्हणून? तसं असेल तर तसं म्हणायचं होतं. भांडली असती तुझ्याशी, लई भांडली असती, पण तुझ्या तोंडावर. ऋतुराज म्हणतो, तू सुपरवायझरांनाही शिकवतोस, माणूस कसा निवडावा. माझ्यासारख्या बारावी नापासाकडून एक ऐकून ठेव. काम करून दाखवायला सांग, नि केलेलं बघ. तो पुढं कुठं जाणार, कुणाशी लग्न करणार, हे त्याचं त्याला ठरवू दे. एवढं कळायला बूट लागत नाहीत.

आता कशासाठी लिहितोय ते. शुक्रवारी तुम्ही सुपारी फोडायला येणार. रत्नमाला आत्यानं आबांना सांगितलं, पावसाच्या आत उरकू, पोरीला नोकरीची काय गरज. आबा बहिणीचा शब्द कधी मोडणार नाहीत. आईनं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. आणि काल योगिनीला शेंद्र्याच्या एका कंपनीनं घेतलं. तिथंही लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, ठरलेलं नाही. मी तिला चिडवलं, शेवटी खोटं बोलायला शिकलीस म्हणून. ती पायातली चप्पल काढत शांतपणे म्हणाली, “खोटं नाय बोलले, दादा.”  घरात ही नोकरी नि हा नकार अजून कुणालाच ठाऊक नाही. तुला आधी कळवतोय ते तुझ्यासाठी नाही. आत्यानं मला तिच्या पदराखाली निजवलंय, पाहुण्यांसमोर तिची मान खाली गेलेली मला बघायची नाही. तर शुक्रवारच्या आत आत्याला तूच सांग, त्या खोलीत काय बोललास ते, जसंच्या तसं, पोरीवर काही न ढकलता. नाही सांगितलंस आणि आत्या आमच्या दारात उतरली, तर योगिनी तिला पाणी देईल, तिच्या पाया पडेल, आणि मग सगळ्यांसमोर बोलेल. मी तिला अडवणार नाही.

तुझाच, निदान शुक्रवारपर्यंत तरी,
रामहरी