ओल्या पोत्यातलं ढाका

प्रिय साळेबुवा रविकांत,

आसेगावहून माणिकरावांचा रामराम. इकडे सगळं ठीक आहे, फक्त तुझ्या ताईचा गुडघा सोडून (तो तिच्यासारखाच स्वतःच्या मर्जीनं चालतो). पुण्यात तुम्ही सगळे बरे असालच.

आमच्या योगिनीला तुमच्या पुण्यातल्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. रविवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि मी तो दाबून बसलो होतो. शहरात माणूस हरवतो, हे माझं मत तुला माहीत आहेच (त्यापायीच तर मी तुझ्या वास्तुशांतीला आलो नाही). पोरीनं मला पटवायला ओसरीत पोतं अंथरलं आणि त्यावर माझ्या बियाण्यातलं सोयाबीन मांडलं. एक दाणा म्हणजे एक लाख माणसं. १९५० सालचं ढाका तीन दाण्यांचं, आजचं दोनशेच्या वर. दिल्ली चौदावरून तीनशेच्या पुढं. टोकियो तेव्हाच शंभरावर होतं, आता पावणेचारशेच्या घरात. मी चष्मा पुसून पुन्हा पोत्याकडं पाहिलं. एवढी माणसं सकाळी आंघोळीला पाणी कुठून आणत असतील? आपलं गाव विचारलं, तर म्हणे दाण्याचं टरफलही भरणार नाही. मी हट्टानं आपल्या गावाचा म्हणून कडेला तुरीचा एक लाल दाणा ठेवला. "बाबा, सारं जग शहरात जाऊन राह्यलं, मी एकटी गेली त काय होते?" असं म्हणून ती आत गेली.

आता पेरणीआधी ओल्या पोत्यात दाणे गुंडाळून आपण उगवण पाहतो, ते तू विसरला नसशील. तुझ्या ताईला वाटलं, मी तेच मांडलंय. तिनं अख्ख्या आशियावर तांब्याभर पाणी शिंपडलं आणि गुंडाळी करून कोपऱ्यात उभी केली. ("मले काय माहीत, तुमी टोकियो भिजवून राह्यले का बियाणं!") चौथ्या दिवशी पोतं उलगडलं, तर ढाका, दिल्ली, टोकियो एकमेकांत घुसलेले आणि जवळजवळ प्रत्येक दाण्याला कोंब. एवढ्या दाटीतही सगळे आपापली वाट काढत होते. आपली तूर दिल्लीच्या मधोमध सापडली. तिलाही कोंब होता, आणि एवढ्या गर्दीत ती लांबूनच ओळखू येत होती. रविकांत, मला फार बरं वाटलं.

पेरणीच्या गडबडीत आहे, म्हणून इथंच थांबतो.

तुझा भाऊजी,
माणिकराव

ता. क. होकार कळवला. खोली मिळेपर्यंत योगिनीला तुझ्याकडे ठेवून घेशील का? वास्तुशांतीचं मनात ठेवू नकोस.

आणखी एक. तिच्या डब्यासोबत ओल्या फडक्यात ती तूर बांधली आहे. गॅलरीतल्या कुंडीत लाव आणि दोघींकडे लक्ष ठेव. तूर वाळली तर कळवू नकोस. योगिनीला साधी सर्दी झाली तरी कळव.