गुलाबाखालचं घर

वाशी, ता. १९ मे १९५९

सौ. पुतळाचा नमस्कार. नवऱ्याला पत्र नमस्काराशिवाय सुरू करता येत नाही, म्हणून. इकडे सर्व ठीक. आत्याबाईंचा डावा डोळा गेला. उजव्यानं मासळी निवडतात. तुम्ही विचारलं नव्हतंत, तरी कळवते.

तुमचं इस्तंबूलचं पत्र पोचलं. यंदाही तिथल्या हिदरेल्लेझच्या सणाला गुलाबाच्या झाडाखाली खड्यांचं घर मांडून आपलं वाशीचं घर मागितलंत म्हणे, आणि दिवाळीला येताय. तीन वर्षांमागे तुम्हीच लिहिलं होतं, की त्या संध्याकाळी हवं ते मातीत मांडावं, खिजर पीर येऊन पुरं करतो. तूही मांड, दोघं एकच मागू. आपल्या दारी गुलाब कुठला! मी मोगऱ्याखाली मांडत आले. शेजारच्या गंगूनं मला वेड्यात काढलं.

सण चांगला आहे. खोट त्याच्यात नाही.

तुमच्या बोटीवरचा कान्हा चैत्रात घरी आला. माझ्याकडे बघेचना. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "वयनी, तो गुलाब तिच्या दारान हाय. गेल्या साली मी बगितलंय. घरान तीन खडे मांडतो. तो, ती नि पोर."

म्हणजे तिच्या अंगणात बसून माझं घर मागत होतात! एवढं खोटं लिहायला शाई तरी कशी पुरली तुम्हाला?

एक गोष्ट लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय. हे ऐकूनही यंदा मी घर मांडलं. तुमचा खडासुद्धा ठेवला. माझाच मला संताप येतो. तेवढ्यात आत्याबाई चाचपत आल्या. "यो माज्या पोराचा ना?" मी हो म्हटलं. त्यांनी तो उचलून कुंपणापलीकडे भिरकावला. "त्याचं घर तिकरं हाय. आपलं दोघींचं मांड."

तुमच्या आईनं, बरं का. मी नाही.

दिवाळीला येऊ नका. आलात तर दार त्याच लावतील.

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, म्हणून पाकिटावर तुमचं नाव आजवर कमळाकर मास्तर लिहीत. या वेळी त्यांच्याकडून इंग्रजी अक्षरं पाटीवर काढून घेतली आणि गिरवून मीच लिहिलं. इथेही लिहिते. जयदेव.

पुतळा